रजोनिवृत्ती आणि संप्रेरक-उपचार : नफ्यातोट्याचा हिशेब



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने व्याख्यानमालेत यावे ते बोनसवर, महागाईभत्त्यावर नाहीतर कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलायला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्याच दोघा-तिघा सोबत्यांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "बायकांच्या या गोष्टीत तुम्ही कशाला पडता?" तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही डॉक्टर नाही. शाळा आमची दहावीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. पण या विषयात आमच्या हातून एक चूक झालेली आहे, आणि चूक झाली तर ती चार लोकांसमोर कबूल करावी, असा आमच्या चळवळीचा रिवाज आहे.

गोष्ट २००३ सालची. एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यातील एक बाई आमच्याकडे मेमो घेऊन आल्या. "कामाच्या वेळात वारंवार जागा सोडून जाणे", असा आरोप होता. वय अठ्ठेचाळीस, वीस वर्षांची नोकरी, आजवर एकही ठपका नाही. आम्ही रिवाजाप्रमाणे "प्रकृती ठीक नसल्यामुळे" असे उत्तर लिहून दिले. प्रकृतीला काय झाले आहे हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. दोन-तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. या खेपेला त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. म्हणाल्या, "भाऊ, पाळी जायच्या त्रासावर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात. अंगातून वाफा निघायच्या, घामाने पातळ भिजायचं, ते सगळं थांबलं. रात्रीची झोप लागते. पण पेपरात आलंय, या गोळ्यांनी छातीचा कॅन्सर शेकडा सव्वीस वाढतो. म्हणजे शंभरात सव्वीस बायकांना होतो का हो?"

आम्ही कात्रण वाचले आणि म्हणालो, "असंच दिसतंय."

बाईंनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तिचा अर्ज त्यांनी सर्वांच्या आधी भरला. गोळ्या सोडल्या म्हणूनच त्यांनी नोकरी सोडली, असे म्हणण्याचा आधार आमच्यापाशी नाही. पण आम्ही दिलेले उत्तर साफ चुकीचे होते, आणि ज्याची सारी हयात टक्क्यांची घासाघीस करण्यात गेली अशा माणसाने ते दिले होते, ही बोच राहिली. तिच्यामुळे आम्ही हा विषय वाचू लागलो. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम पाळी जाते म्हणजे काय होते ते पाहू. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही बीजकोषांत मिळून दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि साऱ्या आयुष्यात चारशे-पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप जिरून जातात. या बीजांच्या भोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार करतात. संप्रेरक म्हणजे शरीरातल्या एका ग्रंथीने रक्तावाटे दुसऱ्या अवयवाला धाडलेला हुकूमच म्हणाना. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होते. पहिले गर्भाशयाचे अस्तर वाढवते, दुसरे त्या वाढीला आवर घालते. ही जोडगोळी लक्षात ठेवावी. पुढे तिचे मोठे काम पडणार आहे.

बीजांचा साठा संपत आला की इस्ट्रोजेनचा पुरवठा प्रथम अनियमित होतो आणि मग आटतो. बारा महिने सलग पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. युरोप-अमेरिकेत याचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे; आपल्या देशात ते ४६-४७ च्या सुमारास येते. याचा अर्थ आपल्याकडच्या कष्टकरी बाईच्या आयुष्यात हा काळ ऐन नोकरीच्या, ऐन मुलांच्या शिक्षणाच्या आणि लग्नकार्याच्या दिवसांत येतो.

आता इस्ट्रोजेनचा संबंध केवळ गर्भाशयाशी असता तर पाळी गेली, कटकट मिटली, एवढ्यावर भागले असते. पण या संप्रेरकाचा हुकूम मेंदूपासून हाडांपर्यंत चालतो. मेंदूत शरीराची उष्णता राखणारे एक केंद्र आहे. बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जसा ठरावीक दाबालाच उघडायचा असतो, तसे हे केंद्र ठरावीक उष्णतेलाच घाम सोडते. इस्ट्रोजेन ओसरले की त्याची सहनशक्ती कमी होते. उष्णता किंचित वाढली तरी शरीर फार तापल्याचा समज होऊन कातडीकडे रक्त धावते, कानशिले तापतात, घाम फुटतो, आणि मागाहून थंडी वाजते. हे दिवसातून दहा-पंधरा वेळा होऊ शकते आणि रात्रीही होते. म्हणजे झोप मोडते, आणि झोप मोडली की चिडचिड, विसराळूपणा, कामातले दुर्लक्ष हे सगळे मागोमाग येते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात या वाफांचा त्रास मध्यम हिशेबाने सात वर्षांहून अधिक टिकत असल्याचे दिसले. याखेरीज योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ हे त्रास असतात. ते आपोआप कमी न होता बहुधा वाढत जातात. आणि हाडांचे म्हणाल, तर तिशीपर्यंत हाडांत शिल्लक पडत असते, पुढे ती हळूहळू खर्च होते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा खर्च एकदम वाढतो. आजी न्हाणीघरात पाय घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडून अंथरूण धरते, त्याची सुरुवात कधीकधी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी झालेली असते. सगळ्याच बायकांना हे सगळे होते असे नाही. काहींना पाळी कधी गेली हेही कळत नाही. पण काहींचे हाल होतात.

जे संप्रेरक आटले ते बाहेरून द्यावे, ही कल्पना मग साहजिकच सुचली. १९२९ साली इस्ट्रोजेन गटातील एक संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले. १९४२ साली अमेरिकेत 'प्रेमारिन' या नावाची गोळी विक्रीस आली. तिचे नाव ज्यावरून पडले त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ 'गाभण घोडीचे मूत्र' असा आहे, कारण तीतले संप्रेरक त्यातूनच काढलेले असते. (आज वापरली जाणारी पुष्कळशी इस्ट्रोजेने वनस्पतिजन्य द्रव्यांपासून तयार करतात आणि ती मानवी संप्रेरकाशी तंतोतंत जुळणारी असतात.) गोळीने वाफा थांबत होत्या, यात शंका नव्हती. पण व्यापाराचे समाधान एवढ्यावर होत नसते. १९६६ साली न्यूयॉर्कचे एक स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी एक पुस्तक लिहिले. रजोनिवृत्ती हा रोग आहे, आणि जन्मभर इस्ट्रोजेन घेतले तर स्त्री कायम तरुण राहील, असा त्याचा सारांश. पुस्तक हातोहात खपले. या विल्सन महाशयांना औषध कंपन्यांकडून पैसा मिळत होता, ही गोष्ट पुढे उजेडात आली. एखाद्याच्या खऱ्या दुःखावर उतारा सापडला की दुःख नसलेल्यालाही तो विकावा, हा बाजाराचा जुना धंदा आहे.

त्याची किंमत बायकांनी मोजली. १९७५ साली दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक आढळतो, असे त्यांत दिसून आले. कारण आपण वर पाहिलेच आहे: अस्तर वाढवणारे संप्रेरक दिले, पण आवर घालणारे दिले नाही. तेव्हापासून नियम ठरला. जिच्या पोटात गर्भाशय आहे तिला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखे औषध दिलेच पाहिजे. जिचे गर्भाशय काढलेले आहे तिला नुसते इस्ट्रोजेन पुरते. हा नियम आजही तसाच आहे.

आता आमच्या त्या कात्रणाकडे वळू. १९९० नंतरच्या वर्षांत अमेरिकेत समज असा पसरला होता की ही गोळी हृदयविकारापासूनही बचाव करते. गोळी घेणाऱ्या बायकांत हृदयविकार कमी दिसत होता हे खरे. पण गोळी घेणाऱ्या बायका मुळात अधिक शिकलेल्या, सुखवस्तू आणि प्रकृतीला जपणाऱ्या होत्या. मग गुण गोळीचा की सुखवस्तूपणाचा? याचा निकाल लावायला एकच मार्ग असतो: चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने बायकांचे दोन गट करायचे, एकाला खरी गोळी द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि वर्षानुवर्षे दोन्ही गटांची नोंद ठेवायची. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या नावाने अमेरिकन सरकारच्या खर्चाने हा प्रयोग झाला. गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांच्या गटांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे औषध यांची एकत्र गोळी तपासण्यात आली. प्रयोग साडेआठ वर्षे चालायचा होता. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनंतरच, तो थांबवण्यात आला, कारण तोटा नफ्यापेक्षा अधिक दिसू लागला होता. त्याच बातमीत तो आकडा होता: स्तनाचा कर्करोग शेकडा २६ ने अधिक.

बंधूंनो, येथेच आमची चूक झाली. समजा, एका कामगाराचा पगार महिन्याला १०,००० रुपये आहे आणि त्यात धुलाईभत्ता ३० रुपये आहे. मालकाने तो भत्ता ३८ रुपये केला आणि नोटीसबोर्डावर लावले, "भत्त्यात शेकडा सव्वीसहून अधिक वाढ!" हे खोटे नाही. पण पगारात किती पडले? दहा हजारांत आठ रुपये. असली नोटीस पाहून आमचा साधा सभासदही विचारतो, "टक्का कशावर?" हाच प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारायला हवा होता. प्रयोगातले आकडे नेमके असेच होते. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला; खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. वाढ आठांची. बाईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते: "शंभरात सव्वीस नव्हे, दहा हजारांत वर्षाला आठ अधिक."

याच मापाने बाकीची नोंद वाचू. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराचे रुग्ण ३० चे ३७ झाले, पक्षाघाताचे २१ चे २९, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ चे १६. ही तोट्याची बाजू. नफ्याच्या बाजूला खुब्याचे हाड मोडणे १५ वरून १० वर आले आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग १६ वरून १० वर. ६५ वर्षांवरील स्त्रियांच्या वेगळ्या पाहणीत बुद्धिभ्रंशाचे प्रमाण दहा हजारांत २२ वरून ४५ वर गेलेले आढळले. मृत्यूंची संख्या मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. पुढे १८ वर्षांच्या नोंदीवरून २०१७ साली जो निष्कर्ष निघाला तोही हाच.

पण हिशेब येथे संपत नाही. 'टक्का कशावर' याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: "टक्का कोणाच्या पगारावर?" प्रयोगातील स्त्रिया ५० ते ७९ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीतल्या स्त्रिया तिघींत एक. वाफांनी हैराण झालेल्या बायकांना गुण येतो का, हे पाहायला तो प्रयोग केलेलाच नव्हता. पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षे झालेल्या बाईच्या रक्तवाहिन्या पुष्कळदा आतून कठीण झालेल्या असतात; तेथे नव्याने इस्ट्रोजेन गेले तर ते अपाय करू शकते. २००७ साली याच प्रयोगाचे आकडे वयाप्रमाणे वेगळे करून पाहिले, तेव्हा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नव्हती अशा स्त्रियांत हृदयविकार वाढलेला आढळला नाही. म्हणून आज तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत असे आहे: वय साठीच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, त्रास खरोखर असेल आणि मनाई करणारे दुसरे कारण नसेल, तर या औषधाचा नफा तोट्याहून जास्त असतो. त्या कात्रणातल्या बातमीने त्रेसष्ट वर्षांच्या बाईचा हिशेब अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईच्या पदरात टाकला होता.

तिसरा प्रश्न, "कोणते औषध?" हा. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना याच प्रयोगात नुसते इस्ट्रोजेन किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली होती. तो भाग २००४ साली थांबवला, कारण पक्षाघाताचे प्रमाण दहा हजारांत वर्षाला बाराने वाढले होते. पण या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट थोडा कमीच दिसला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ नोंदीतही तो कमीच राहिला. औषध कोणत्या वाटेने जाते यावरही पुष्कळ अवलंबून आहे. गोळी पोटातून प्रथम यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणारी द्रव्ये वाढवते. कातडीला लावायची पट्टी किंवा मलम थेट रक्तात मिसळते. आजवरच्या पाहण्यांत त्यांच्यामुळे गुठळ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही. आणि केवळ योनीच्या कोरडेपणासाठी तेथेच लावायचे अल्प मात्रेचे औषध रक्तात इतके थोडे उतरते, की त्याचा हिशेब या सगळ्यापासून वेगळाच धरावा लागतो.

२००२ च्या बातमीचा परिणाम काय झाला, तर अमेरिकेत थोड्याच वर्षांत या औषधांचा वापर निम्म्याहूनही खाली आला. जानेवारी २००३ पासून तेथील औषध प्रशासनाने त्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि बुद्धिभ्रंश यांबद्दलचा तो चौकटीतला इशारा काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला; नुसत्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराला असलेल्या धोक्याचा इशारा मात्र कायम ठेवला. मधली बावीस-तेवीस वर्षे कितीतरी स्त्रियांनी रात्री जागून काढल्या.

आता कोणी म्हणेल, मग ही गोळी सरसकट घ्यावी, असेच तुम्ही सांगता की! मुळीच नाही. १९६६ चे पुस्तक आणि २००२ ची बातमी या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. एकाने सगळ्या बायकांना औषध विकले, दुसरीने सगळ्या बायकांना भिवविले. दोघांनीही समोरच्या एका बाईकडे पाहिले नाही. धोका लहान आहे, पण खरा आहे, आणि वर्षांगणिक तो साचत जातो. २०१९ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून एक हिशेब प्रसिद्ध झाला, तो असा: पाश्चात्त्य देशांतील स्त्रीने पन्नासाव्या वर्षापासून पाच वर्षे रोज दोन्ही संप्रेरके घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत पन्नास जणींमागे एकीला स्तनाचा जादा कर्करोग होतो. म्हणजे शंभरात सहा जणींना जो झाला असता तो आठ जणींना होतो. नुसत्या इस्ट्रोजेनने ही वाढ दोनशे जणींमागे एक, असे त्यात निघाले. यावर पहिल्या प्रयोगाचे आणि या हिशेबाचे एकमत नाही हेही सांगितले पाहिजे. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, अंगावरून होणाऱ्या रक्तस्रावाचे कारण समजलेले नाही, पूर्वी रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला आहे, यकृताचा आजार चालू आहे, त्यांना हे औषध सहसा देत नाहीत. आणि सुरकुत्या जाव्यात, तारुण्य टिकावे किंवा पुढे हृदयविकार होऊ नये, एवढ्यासाठी तर ते घेऊच नये.

मग गुण तरी किती? तोही हिशेबाने पाहू. २००४ साली निरनिराळे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा, औषध नसलेल्या गोळीशी तुलना करता, या औषधाने वाफांची संख्या शेकडा ७५ ने कमी होत असल्याचे आढळले. गंमत अशी, की औषध नसलेल्या गोळीनेही त्या सुरुवातीच्या मानाने शेकडा ५८ ने कमी झाल्या होत्या! त्रास काळाने ओसरतो हे त्याचे एक कारण. कोणीतरी विचारपूस करते आहे, याचाही त्यात वाटा असावा असे आम्हाला वाटते. पण खऱ्या औषधाची बरोबरी तिने होत नाही. वाफांवर इतका खात्रीचा उतारा दुसरा नाही. ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी काही औषधे आहेत. त्यांची चौकशी डॉक्टरांकडे करावी.

येथवर आपण अमेरिकेच्या आकड्यांबद्दल बोललो. शेवटी आपल्याच महाराष्ट्रातला एक आकडा सांगतो, कारण तो सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. बीड जिल्ह्यातून दरसाल हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची नोंद झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. येथे टक्का कशावर हे विचारायला नको. सहा जणींत एक. पुष्कळशा तिशी-पस्तिशीतल्या. अंगावर पांढरे जाते, पाळीत दुखते, एवढ्यावरून "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असे सांगितले गेले. आणि फडावर खाडा नको, म्हणून बाईनेही ते ऐकले.

पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर रजोनिवृत्ती रातोरात येते. जे शरीर दहा-पंधरा वर्षांत सवयीने सोसणार होते ते आठ दिवसांत सोसावे लागते. बीजकोष ठेवले तरी ते काही वर्षे अगोदर थकतात. इतक्या लवकर इस्ट्रोजेन आटले की हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि हृदयविकाराचा व बुद्धिभ्रंशाचा धोकाही वाढतो. म्हणून अशा स्त्रीला, मनाई नसेल तर, निदान निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असा आजच्या वैद्यकाचा सल्ला आहे. तिचे वाढलेले वय हा अडथळा नाही. गर्भाशय नसल्यामुळे दुसऱ्या संप्रेरकाची गरज नाही. ते तिच्या अंगी तयार व्हायचेच होते तेवढेच आपण परत देत असतो. म्हणजे जिच्या बाबतीत या औषधाचा हिशेब सगळ्यांत नफ्याचा, ती हीच बाई. आणि शस्त्रक्रियेनंतर टाके काढून घरी पाठवताना हे तिला कोणी सांगत नाही. गोळीच्या नफ्यातोट्यावर अमेरिकेत पन्नास वर्षे वाद झाला. आमच्या फडावरच्या बाईपर्यंत गोळीही आली नाही आणि वादही आला नाही. ती चाळिशीत मोळी उचलताना कंबर धरून बसते, आणि मुकादम म्हणतो, बाई कामचुकार झाली.

तेव्हा करायचे काय? भगिनींनी डॉक्टरांकडे जाताना चार प्रश्न बरोबर न्यावेत. माझे वय आणि माझी पाळी जाऊन झालेली वर्षे पाहता मला हे औषध चालेल काय? यात एक संप्रेरक आहे की दोन, आणि माझ्या बाबतीत तेवढेच का? गोळी की पट्टी? आणि किती दिवस घ्यायचे, पुन्हा तपासणी कधी? पिशवी काढायला सांगितले तर पाचवा प्रश्न: दुसरा उपाय नाही काय, आणि बीजकोष ठेवणार की काढणार? हे विचारणे उद्धटपणाचे नाही. डॉक्टर चांगले असतील तर त्यांना त्याचा आनंदच होईल.

बंधूंना सांगणे आहे ते घरचे. रात्री दोन वाजता बायको उठून खिडकी उघडते तेव्हा कुरकुर करू नका; काय होते आहे ते विचारा. आणि आमच्या संघटनांना सांगणे आहे ते कारखान्याचे. खात्यात पंखा, पिण्याचे गार पाणी, जवळ स्वच्छ मोरी, आणि पाच मिनिटे जागेवरून उठण्याची मुभा, यांना फारसा खर्च येत नाही. मागणीपत्रकात आम्ही बोनस घालतो, भत्ते घालतो, कँटीनच्या चहाचा दर घालतो. या चार गोष्टी आम्ही इतकी वर्षे घातल्या नाहीत, कारण त्या मागायला बायका लाजत होत्या आणि विचारायला आम्ही लाजत होतो.

त्या पॅकिंग खात्यातील बाई पुढे आम्हाला एका लग्नात भेटल्या. तोपर्यंत आम्ही पुष्कळ वाचले होते. आम्ही त्यांना सांगितले, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. शंभरात सव्वीस नव्हे, दहा हजारांत आठ." त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "असू द्या भाऊ. तुम्ही निदान कागद वाचला. बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं होतं." आम्हाला हे ऐकून बरे वाटायला हवे होते. पण वाटले नाही. कागद वाचणे पुरेसे नसते. टक्का कशावर आणि कोणाचा, हेही विचारावे लागते. पुढच्या बाईला तरी आपल्याकडून हिशेब बरोबर मिळावा, एवढ्यासाठीच आज आपला वेळ घेतला.